कैद्याने शिकवलेला कुत्रा आणि आपला उंबरठा

(युवा शिबिरातल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि मुस्लिम तरुण’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ मिळतील, मला कुत्र्यांवर बोलू द्या. फोनवर दोन सेकंद शांतता. मग आवाज आला, “कुत्र्यांवर?” मी म्हटलं, “कुत्र्यांवर आणि तुरुंगावर.” मग ते हो म्हणाले. तुरुंग हा विषय आपल्या बैठकांना नवा नाही. कुत्रा मात्र आज पहिल्यांदाच आला असावा.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आता पुण्यात असतो, त्याआधी सहा वर्षं अमेरिकेत, सिएटलला होतो. तिथे २०१८ च्या हिवाळ्यात मी एक कुत्रा दत्तक घेतला. त्याचं नाव बिस्किट. ते मी ठेवलेलं नाही, तो नाव घेऊनच आला, आणि नशिबाने अम्मीला उच्चारता येईल असं होतं. बिस्किट माझ्याकडे यायच्या आधी दहा आठवडे वॉशिंग्टन राज्यातल्या एका पुरुषांच्या तुरुंगात राहत होता. गुन्हा काही केला नव्हता. त्याला तिथे शिकायला पाठवलं होतं आणि शिकवणारे कैदी होते.

ही काय भानगड आहे ते आधी सांगतो.

अमेरिकेत आपल्यासारखी गल्लीतली कुत्री फारशी दिसत नाहीत. बेवारस सापडलेलं किंवा मालकाने सोडून दिलेलं जनावर शेल्टरमध्ये जातं. एएसपीसीए नावाची तिथली जुनी प्राणिरक्षण संस्था आहे. तिच्या २०१९ च्या अंदाजाप्रमाणे वर्षाला सुमारे ६३ लाख कुत्री-मांजरं शेल्टरमध्ये येत होती आणि त्यांतल्या ९ लाख २० हजारांना इंजेक्शन देऊन मारलं जात होतं. त्यात कुत्री साधारण ३ लाख ९० हजार. ही सगळी आजारी किंवा चावरी नसतात. पुष्कळशी अंगावर उड्या मारतात, पट्टा ओढतात, घरात घाण करतात, माणूस दिसला की कोपऱ्यात दडून बसतात. अशा कुत्र्याला बघायला आलेलं कुटुंब पुढच्या पिंजऱ्याकडे वळतं. वळलं की त्याचे दिवस भरत येतात. म्हणजे गरज असते ती दोन-तीन महिने रोज, न कंटाळता, एकाच कुत्र्यापाशी बसणाऱ्या माणसाची. एवढा वेळ शेल्टरच्या नोकरांकडे नसतो. तो कोणाकडे असतो, तर कैद्याकडे.

ही जोडी पहिल्यांदा जुळवली सिस्टर पॉलीन क्विन या बाईंनी, १९८१ साली, वॉशिंग्टन राज्यात गिग हार्बरजवळच्या महिला कारागृहात. त्या नन झाल्या ते नंतर. त्यांचं बालपण घरातून पळण्यात, निरनिराळ्या संस्थांत कोंडलं जाण्यात आणि रस्त्यावर गेलं होतं. त्या सांगत की जोनी नावाच्या एका जर्मन शेफर्ड कुत्रीमुळे आपण माणसांत आलो. लिओ बुस्टाड हे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक शास्त्राचे मोठे प्राध्यापक, त्यांनी मदत केली. शेल्टरमधली कुत्री तुरुंगात आली, बायका त्यांना शिकवू लागल्या. काही कुत्री अपंगांच्या मदतीला गेली, बाकीची साध्या घरांत गेली. तो उपक्रम आजही चालू आहे, आणि गंमत म्हणजे बाहेरचे लोक गावाला जाताना आपली कुत्री सांभाळायला त्याच तुरुंगात ठेवून जातात.

पुढे अशा उपक्रमांची लाट आली. १९९३ मध्ये ओरेगॉनच्या बालसुधार तुरुंगात शेल्टरची कुत्री मुलांच्या हाती दिली गेली. १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक संस्था निघाली, ती आठ आठवड्यांची पिल्लं कैद्यांच्या कोठडीत वाढवते. तयार झालेली कुत्री पुढे इराक-अफगाणिस्तानातून मन मोडून परतलेल्या सैनिकांनाही दिली जातात. २०१४ पासून कॅलिफोर्नियात लँकेस्टरच्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगातही कुत्री आहेत. तिथले कित्येक कैदी जन्मठेपेचे आहेत.

पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखी. कैद्याने अर्ज करायचा. ठरावीक काळ शिस्तभंगाची नोंद नसावी लागते. जनावरांशी क्रौर्य केलेल्याला किंवा लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. निवड झाली की एका कुत्र्यामागे दोन माणसं. कुत्रा त्यांच्याच कोठडीत झोपतो. बाहेरून एक प्रशिक्षक आठवड्यातून एक-दोनदा येतो, बाकी चोवीस तास हेच दोघे. मारायचं नाही, ओरडायचं नाही. बरोबर केलं की त्याच क्षणी खाऊ, चुकलं की काहीच नाही. ऐकायला सोपं आहे, करून बघा. तो बसला आणि तुम्ही खाऊ तीन सेकंद उशिरा दिलात, तर त्याच्या लेखी तुम्ही बसण्याबद्दल नाही, उठण्याबद्दल बक्षीस दिलंत. आम्ही प्रोग्रॅमवाले याला चांगले ओळखतो, चूक मशीनची नसते, आपली असते. ज्या माणसाचं आयुष्य क्षणाच्या रागाने तुरुंगात गेलं, त्याने दिवसभर हा सराव करायचा. शेवटी कुत्र्याची परीक्षा होते. पास झाला की तो दत्तक जातो, आणि कैद्याच्या हाती दुसरा पट्टा येतो, त्याला दुसरा घाबरट कुत्रा.

बिस्किटसोबत मला एक फाईल मिळाली. लसीकरणाचे कागद, खाण्याच्या वेळा आणि सत्तर दिवसांच्या हाताने लिहिलेल्या नोंदी. अक्षर मोठं, शाळेतल्या मुलासारखं. पहिल्या आठवड्यात एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं: आज पलंगाखालून बाहेर आला नाही. मग एक नोंद: मी पलंगावरची गादी जमिनीवर टाकली, म्हणजे आम्ही एका उंचीवर झोपू. पुढे कुठेतरी: झाडूला घाबरतो, कुणीतरी झाडूने मारलं असणार, झाडू भिंतीला टेकवून ठेवला आहे, तो स्वतः जवळ जाईपर्यंत हलवणार नाही. त्यानंतर नऊ दिवस झाडू कसा तिथेच आहे याची नोंद. दहाव्या दिवशी: वास घेतला. एवढंच. शेवटच्या पानावर माझ्यासाठी सूचना होत्या. बेल वाजली की त्याला मागे ‘जागेवर’ पाठवा, पण दार उघडायची घाई करू नका, त्याला वेळ द्या. खाली फक्त पहिलं नाव. आडनाव लिहायची परवानगी नसते.

तुरुंगाच्या वतीने कुत्रा सोपवायला आलेल्या स्वयंसेविकेला मी विचारलं, हे लोक कोण असतात? ती म्हणाली, सगळे प्रकार असतात, खून केलेलेही असतात. मी ऐकलं, मान हलवली आणि कुत्रा गाडीत घातला. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता घरचा प्रश्न. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात तो केव्हाचा आहे.

व्हिडिओ कॉलवर बिस्किट दिसला आणि अम्मी म्हणाली, “घरात फरिश्ते येणार नाहीत.” अब्बा काही बोलले नाहीत, नुसते उठून गेले. आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. शाफई फिक्हमध्ये कुत्रा अंगाने सबंध नजिस. त्याचं तोंड लागलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. इथे देशावरचे जे बसलेत ते बहुतेक हनफी आहेत, त्यांच्याकडे लाळ नापाक, अंग तसं नाही. आणि मालिकी मताप्रमाणे कुत्रा मुळात पाकच आहे. चारही मजहब आपलेच, चारही आदरणीय. मी आलिम नाही आणि फतवा द्यायला आलेलो नाही. मी काय केलं ते सांगतो: नमाजची खोली वेगळी ठेवली, तिचं दार त्याला बंद, भांडी वेगळी, नमाजचे कपडे वेगळे. जमतं. थोडं काम वाढतं.

पण आपण ‘नापाक’ हा शब्द धुण्यापुरता ठेवत नाही, ही माझी तक्रार आहे. भांडं धुवा म्हटलं होतं, दगड मारा म्हटलं नव्हतं. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे, पुढचे पाय पसरून उंबरठ्यावर बसलेला. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या कुत्र्याने पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे; शिकलेल्या आणि न शिकलेल्या जनावरात तिथे फरक केला आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये इब्न अल-मरझुबान नावाच्या लेखकाने तर कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्री श्रेष्ठ आहेत, अशा नावाचं पुस्तकच लिहिलं. हसू नका, खरं आहे. आणि २००८ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाला मार्गदर्शक कुत्र्यासह मशिदीत यायची वाट मोकळी झाली. उलेमांशी बोलून तोडगा निघाला: कुत्रा दाराजवळच्या ठरवून दिलेल्या जागी थांबेल, तरुण आत नमाज पढेल. गुहेतल्या कुत्र्याचीच जागा झाली ती.

बुखारीत आलेला तो किस्सा तुम्ही मदरशात ऐकलेला आहे. विहिरीकाठी तहानेने जीभ बाहेर काढून फिरणारा कुत्रा, आणि एक वेश्या स्वतःच्या पायातला मोजा काढून, ओढणीला बांधून त्याला पाणी काढून देते, आणि तिला माफी मिळते. आपण हा किस्सा ‘प्राण्यांवर दया करा’ एवढ्यापुरता सांगतो. त्या बाईकडे कोणाचं लक्ष जात नाही. गावाने जिला दाराबाहेर ठेवलं होतं तिने, गावाने ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं त्याला पाणी पाजलं. सिस्टर पॉलीननी १९८१ मध्ये जे केलं ते हेच होतं, असं मला वाटतं. दोन नकोसे एकमेकांसमोर आणून बसवले.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही म्हणाल हा अमेरिकेची जाहिरात करायला आलाय.

कुत्रा आणि अमेरिकन तुरुंग हे शब्द एकत्र आले की आपल्या पिढीला पहिलं काय आठवतं? २००४ मध्ये बाहेर आलेले अबू गरीबचे फोटो. उघड्या कैद्याच्या तोंडासमोर भुंकणारा कुत्रा. मुसलमान कुत्र्याला घाबरतात, किळस करतात, हे ओळखून तो तिथे आणला गेला होता. त्या देशाच्या आतल्या काही राज्यांतही हट्टी कैद्याला कोठडीतून काढायला कुत्रे अंगावर सोडायची पद्धत होती. ह्यूमन राइट्स वॉचने २००६ मध्ये त्यावर अहवाल काढला. म्हणजे एकाच देशात, एकाच काळात, एका तुरुंगात कुत्रा कैद्याच्या उशाशी झोपत होता आणि दुसऱ्यात त्याच्या मांडीचा लचका तोडत होता. कुत्र्याला काय, जो शिकवेल ते तो शिकतो.

शिवाय तिथले बहुतेक तुरुंग कैद्याला तासाला एक डॉलरही देत नाहीत. कुत्र्यासोबतचा हसरा फोटो छापला की बाकीच्या गोष्टी झाकता येतात, हेही आहे. ‘असे कैदी सुटल्यावर पुन्हा गुन्हा करत नाहीत’ असे जे आकडे फिरतात, त्यांच्याकडे मी इंजिनियर म्हणून संशयाने बघतो. ज्यांचं वर्तन आधीच चांगलं आहे त्यांनाच कुत्रा मिळतो. मग ते पुन्हा गुन्हा करत नाहीत याचं श्रेय कुत्र्याला किती, निवडीला किती? यावरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत. आणि फसवणूकही होते. कॅन्ससच्या लान्सिंग तुरुंगात असा उपक्रम उभा करणाऱ्या बाईंनीच फेब्रुवारी २००६ मध्ये खुनाच्या गुन्ह्यातल्या एका कैद्याला कुत्र्याच्या पेटीत घालून गाडीतून बाहेर काढलं. बारा दिवसांनी दोघे पकडले गेले. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: एवढी नाचक्की होऊनही तिथला उपक्रम गुंडाळला गेला नाही. आपल्याकडे काय झालं असतं, तुम्हीच सांगा.

आता त्या वाक्याकडे येतो.

माझा एक मामेभाऊ आहे. माझ्याहून चार वर्षांनी लहान. २०१६ मध्ये गावात क्रिकेटच्या मॅचवरून मारामारी झाली, त्याने स्टंप उचलला, समोरच्या मुलाचा डोळा गेला. दंगल नव्हती, जातीय काही नव्हतं, दोघेही आपलेच. खोटी केस नव्हती. त्याने केलं होतं. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या चळवळीत आपण निरपराध अडकलेल्यांबद्दल बोलतो आणि बोललंच पाहिजे. २०२२ अखेर देशात सुमारे पावणेसहा लाख कैदी होते आणि चारांतले तीन कच्चे, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. लोकसंख्येत आपण १४ टक्के. २०१९ च्या सरकारी आकडेवारीत कच्च्या कैद्यांत आपण १८ टक्क्यांहून जास्त होतो. यावर आपल्याकडे लेख आहेत, वकील आहेत, भाषणं आहेत. पण ज्याने खरंच केलं, शिक्षा भोगली आणि जो परत आला, त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे? माझ्या मामूंच्या मोहल्ल्यात त्याच्यासाठी एकच गोष्ट होती, तो आला की बोलणं थांबायचं.

२०२१ मध्ये सुटल्यावर त्याने मला सिएटलला फोन केला. म्हणाला, “भाईजान, गावात काम मिळत नाही. पुण्यात गॅरेजला बघतो. तुमचा फ्लॅट बंद आहे ना, दोन-तीन महिने राहू का? लाईट बिल मी भरीन.” मी म्हटलं, “अरे, पुढच्या आठवड्यात भाडेकरू येतोय.” कोणी भाडेकरू येत नव्हता. फ्लॅट पुढे आणखी सात महिने बंदच होता.

फोन ठेवला तेव्हा बिस्किट माझ्या पायाशी झोपला होता. खून केलेल्या माणसाने शिकवलेला असू शकतो हे ठाऊक असून मी त्याला घरात घेतलं होतं. ऑफिसमध्ये लोकांना अभिमानाने सांगत होतो. माझी माणुसकी फार स्वस्तात आली होती, कारण तो कैदी तुरुंगातच राहणार होता आणि माझ्याकडे फक्त कुत्रा येणार होता. माझा मामेभाऊ मात्र स्वतः येऊ बघत होता.

असा उपक्रम इथे करता येईल का, असं मला लोक विचारतात. जसाच्या तसा नाही. तिथे एका कोठडीत दोघं असतात, आपल्याकडे एकेका बराकीत किती माणसं दाटीने झोपतात ते आत जाऊन आलेल्यांना विचारा. कच्च्या कैद्याला पुढची तारीख माहीत नसते, तो दहा आठवड्यांचा शब्द कसा देणार? जमलंच तर येरवडा, पैठणसारख्या खुल्या कारागृहांत, जिथे शिक्षा झालेले, विश्वासातले कैदी शेतीत राबतात. तिथे जागा आहे, दिनक्रम आहे. आणि कुत्र्यांचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितली, दहा-बारा दिवसांत तो आदेश बदलून नसबंदी, लस आणि पुन्हा जागेवर सोडा असं सांगितलं. पिसाळलेली आणि हल्लेखोर तेवढी वगळून. त्या गदारोळात ‘ठेवणार कुठे’ याची चर्चा झाली, ‘त्यांना शिकवणार कोण’ याची झालेली मी तरी ऐकली नाही. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. गावठी कुत्रा दत्तक घेणारं घर मिळत नाही, लोक पैसे मोजून हस्की आणतात आणि पुण्याच्या उन्हाळ्यात त्याला एसीत ठेवतात.

२०२३ मध्ये मी परत आलो, बिस्किटला घेऊनच. त्या कागदपत्रांचं पुराण वेगळं, ते चहाच्या वेळी सांगेन. गेल्या रमजानमध्ये मी मामेभावाला फोन केला. भाडेकरूची थाप होती हे आधी सांगितलं. तो म्हणाला, “मला माहीत होतं.” मग आला, दोन दिवस राहिला. आता तो चिपळूणला दुचाकीचं गॅरेज चालवतो.

तो आला तेव्हा बेल वाजली आणि बिस्किट उठून आपल्या जागेवर जाऊन बसला. सात वर्षं झाली, अजून बसतो. मामेभाऊ दारातच उभा राहून बघत राहिला. रात्री इफ्तारनंतर त्याने विचारलं, याला एवढं कोणी शिकवलं? मी फाईल काढून दिली. त्याचं इंग्रजी बेताचं आहे, तरी तो एक-एक पान वाचत बसला, झाडूच्या पानांवर बराच वेळ थांबला. मग फाईल मिटून मला म्हणाला, “हा माणूस सुटला का?”

मला माहीत नव्हतं. सात वर्षांत ते विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रश्न असतील तर घेतो.